छोट्या बँकेचा शेअर घेताय? आधी परिशिष्ट 18 उघडा

प्रादेशिक बँकेचा शेअर माणूस सहसा ओळखीवर घेतो. शाखा घराजवळ असते, मॅनेजर नावानिशी ओळखतो, वडिलांचं खातं तिथेच असतं. आमच्या इंदुरात तर हे जरा जास्तच. इथली कितीतरी मराठी घरं स्टेट बँक ऑफ इंदूरच्या पगारावर उभी राहिली. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात, 1920 साली ही बँक निघाली, 1960 मध्ये स्टेट बँकेची उपकंपनी झाली आणि 2010 च्या ऑगस्टमध्ये स्टेट बँकेतच विलीन झाली. लोकमान्य नगरात किंवा रामबागेत आजही तिथून निवृत्त झालेली मंडळी भेटतात आणि अजून 'आमची बँक' म्हणतात.

ही आपलेपणाची भावना ठेव ठेवताना चालते. शेअर घेताना ती घरी ठेवून यावी. ठेवीदार आणि भागधारक यांचं बँकेशी असलेलं नातं मुळात वेगळं आहे. बँक अडचणीत आली तर ठेवीदाराच्या 5 लाखांपर्यंतच्या रकमेला विमा आहे (4 फेब्रुवारी 2020 च्या आधी तो फक्त 1 लाख होता) आणि रिझर्व्ह बँक त्याला वाचवायची धडपड करते. भागधारक रांगेत सगळ्यात शेवटी उभा असतो. त्याच्यापर्यंत काही उरलं तर मिळतं.

मी स्वतः बँकेत कर्ज विभागात वर्षानुवर्षं काम केलं. आता रविवारी सकाळी पोहे आटोपले की ओळखीची आठ-दहा मंडळी माझ्याकडे जमतात. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, एक औषधांचे दुकानदार आहेत, खालच्या मजल्यावरचा नोकरीला नुकताच लागलेला मुलगा आहे. आम्ही बँकांचे तिमाही निकाल एकत्र वाचतो. कुणाला काय घ्या, काय विका हे सांगत नाही. पण कसं वाचायचं ते ठरलेलं आहे, आणि ते इथे लिहून ठेवते.

पहिला प्रश्न: ही नेमकी कुठल्या जातकुळीची बँक?

इथेच पुष्कळ गोंधळ होतो. सहकारी बँकेचा 'शेअर' आणि बाजारातला शेअर एक नाही. सहकारी बँकेत कर्ज घेताना सभासद म्हणून शेअर घ्यावे लागतात, ते दर्शनी किमतीलाच परत मिळतात आणि एक्सचेंजवर त्यांची खरेदी-विक्री होत नाही. ग्रामीण बँका वेगळ्या, त्यांचे शेअर आपल्याला बाजारात मिळत नाहीत. उरतात ते तीन प्रकार. एक, सरकारी बँक, जिचा मूळ प्रदेश अजून ठळक आहे, जशी पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र. दोन, जुन्या खासगी बँका: कुंभकोणमची सिटी युनियन (1904), करूरची करूर वैश्य (1916), मंगळुरूची कर्नाटक बँक (1924), त्रिशूरची साउथ इंडियन (1929), श्रीनगरची जम्मू अँड काश्मीर बँक (1938), आपल्या कोल्हापुरात 1943 साली रत्नाकर म्हणून निघालेली आजची आरबीएल. तीन, स्मॉल फायनान्स बँका, ज्यातल्या बऱ्याच आधी सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्या होत्या.

प्रकार कळला की धोका कुठून येणार याचा अंदाज येतो. सरकारी बँकेत मालक सरकार असतं, त्यामुळे ती बुडू देणार नाहीत. पण भांडवल घालताना नवे शेअर निघतात आणि जुन्या भागधारकाचा हिस्सा पातळ होतो. जुन्या खासगी बँकेचं कर्जांचं पुस्तक एखाद्या शहराच्या धंद्याशी बांधलेलं असतं. करूर, तिरुपूरकडच्या कापड उद्योगात मंदी आली की तिकडच्या बँकांच्या थकबाकीत ते दिसतं. केरळातल्या बँकांकडे आखाती देशांतून येणाऱ्या अनिवासी ठेवी मोठ्या. स्मॉल फायनान्समध्ये विनातारण कर्जाचं प्रमाण जास्त, म्हणून वसुली बिघडली की एकदम बिघडते.

कागद कुठे मिळतात

दलालाच्या ॲपवरचे गुणोत्तरांचे रंगीत चौकोन बघू नका, निदान सुरुवातीला तरी नाही. बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांसाठी विभाग असतो. तिथे चार गोष्टी उतरवून घ्या: तिमाही निकाल, निकालासोबतचं सादरीकरण, विश्लेषकांबरोबरच्या कॉन्फरन्स कॉलचा लेखी मजकूर आणि वार्षिक अहवाल. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमानुसार तिमाही संपल्यावर 45 दिवसांत आणि वर्ष संपल्यावर 60 दिवसांत निकाल द्यावेच लागतात. बऱ्याच बँका तिमाही संपल्याच्या पहिल्या आठवड्यात ठेवी आणि कर्जाचे हंगामी आकडेही देतात. त्यावर शेअर उसळतो. त्यात थकबाकीचा आकडा नसतो, हे ध्यानात ठेवा.

सादरीकरण बँकेने आपली बाजू मांडायला केलेलं असतं. त्यात चांगला आकडा मोठ्या अक्षरात आणि नको असलेला तळटीपेत. वार्षिक अहवालात मात्र लपवायला जागा कमी, कारण तिथे काय छापायचं ते रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलंय. ताळेबंदाला जोडलेली परिशिष्टं क्रमाने असतात: 3 म्हणजे ठेवी, 9 म्हणजे कर्जं, 14 म्हणजे इतर उत्पन्न, 17 म्हणजे हिशेबाची धोरणं आणि 18 म्हणजे हिशेबावरच्या टिपा. मी अहवाल हातात आला की अध्यक्षांचं भाषण ओलांडून सरळ 18 वर जाते.

एनपीएचा तक्ता, सावकाश

एका रविवारी खालच्या मजल्यावरचा मुलगा फोन नाचवतच आला. "काकू, एनपीए निम्मा झाला की! आठावरून चार!" मी म्हटलं, "अरे, बस आधी. तो निम्मा कसा झाला ते बघू."

परिशिष्ट 18 मध्ये एनपीएच्या, म्हणजे थकलेल्या अनुत्पादित कर्जांच्या, हालचालीचा एक तक्ता असतो. वर्षाच्या सुरुवातीला किती, वर्षात नवीन किती पडलं, कमी किती झालं. आणि कमी झालं ते कशामुळे: खातं नियमित झालं, पैसे वसूल झाले, की राइट-ऑफ केलं. या तीन ओळींत बँकेची सगळी खरी कहाणी असते.

एक काल्पनिक बँक घेऊ. तिची कर्जं 10,000 कोटी, त्यात ग्रॉस, म्हणजे एकूण, एनपीए 800 कोटी, म्हणजे 8 टक्के. वर्षभरात नवीन 350 कोटींची खाती थकली. 60 कोटींची खाती पुन्हा नियमित झाली, 140 कोटी वसूल झाले आणि 450 कोटी राइट-ऑफ केले. वर्षअखेर एनपीए उरला 500 कोटी. दरम्यान नवी कर्जं वाटून एकूण पुस्तक 12,500 कोटींवर गेलं. 500 भागिले 12,500, म्हणजे 4 टक्के. बातमी काय येणार? 'एनपीए निम्म्यावर.'

आता आपण वाचू या. सुधारलेली आणि वसूल झालेली मिळून 200 कोटी, आणि नव्याने पडलेली 350 कोटी. म्हणजे बादलीत पाणी येतंय त्यापेक्षा गळतंय जास्त. टक्का खाली आला तो दोन कारणांनी: 450 कोटी वहीतून बाजूला काढले, आणि छेद मोठा झाला. नवं दिलेलं कर्ज पहिल्या वर्षी सहसा थकत नाही. ते थकायचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. त्यामुळे ज्या बँकेचं कर्जवाटप एकदम 25 टक्क्यांनी फुगलंय, तिचा एनपीए टक्का काही काळ देखणा दिसणारच.

राइट-ऑफ म्हणजे कर्जमाफी, असा पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. कर्जदाराकडचं येणं कायम राहतं, दावा चालू राहतो. बँकेने त्याची पूर्ण तरतूद करून, म्हणजे तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला काढून, ते आपल्या ताळेबंदातून काढलेलं असतं इतकंच. पुढे त्यातून जे वसूल होतं ते बऱ्याच बँकांत परिशिष्ट 14 मधल्या इतर उत्पन्नात येतं. म्हणूनच एखाद्या तिमाहीत नफा उसळला की बघायचं, तो व्याजातून आलाय की जुन्या राइट-ऑफच्या वसुलीतून. वसुलीचा पैसाही खरा पैसाच. पण तो दर तिमाहीला येणारा नव्हे, आणि त्यावर पुढच्या वर्षाचा अंदाज बांधू नये.

आमच्या वहीत म्हणून एनपीए टक्क्याआधी नव्याने थकलेल्या कर्जाचा रकाना आहे. वरच्या उदाहरणात 10,000 वर 350, म्हणजे साडेतीन टक्के. हा आकडा सलग आठ तिमाह्या उतरताना दिसला तर बँक खरोखर सुधारतेय असं मी मानते.

त्याच्या अलीकडची एक पायरी असते. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए. त्याआधी ते एसएमए, म्हणजे खास लक्ष ठेवायचं खातं, म्हणून नोंदवतात: 30 दिवसांपर्यंत शून्य, 31 ते 60 एक, 61 ते 90 दोन. बऱ्याच बँका एसएमए-2 चा आकडा सादरीकरणात देतात. काही फक्त 5 कोटींवरच्या खात्यांचा देतात, आणि छोट्या कर्जांवर जगणाऱ्या बँकेत तो आकडा वाचून काहीच कळत नाही. कर्ज विभागात बसलेल्या माणसाला मार्चचा शेवटचा आठवडा चांगला ठाऊक असतो. थकलेल्या माणसाच्या नावावर दुसरं छोटं कर्ज मंजूर होतं, त्यातून पहिल्याचा हप्ता भरला जातो, आणि 31 तारखेला खातं स्वच्छ. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाहेरच्या भागधारकाला ते दिसणार नाही, पण त्याची सावली दिसते: मार्च तिमाहीत थकबाकी कमी आणि जून तिमाहीत एकदम जास्त, असं दरवर्षी होत असेल तर त्या बँकेपासून मी दोन हात लांब राहते.

आणि एक ओळ शोधाच, वर्गीकरणातल्या तफावतीची. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत बँकेने दाखवलेल्यापेक्षा थकबाकी ठरावीक मर्यादेबाहेर जास्त निघाली तर ती अहवालात छापावी लागते. बहुतेक बँकांत तिथे 'लागू नाही' असं असतं. जिथे आकडा असतो, तिथे बँकेचा शब्द आणि तपासनिसाचा शब्द जुळला नाही, असा त्याचा अर्थ.

ठेवी कुणाच्या, कर्जं कुणाला

त्याच परिशिष्टात केंद्रीकरणाचा तक्ता असतो: सगळ्यात मोठ्या 20 ठेवीदारांकडे एकूण ठेवींच्या किती टक्के, सगळ्यात मोठ्या 20 कर्जदारांकडे किती. छोट्या बँकेत हा तक्ता मोठ्या बँकेपेक्षा कितीतरी जास्त बोलतो. समजा 20 ठेवीदारांकडे 20 टक्के ठेवी आहेत. त्यातल्या दोघा-तिघांनी एका आठवड्यात पाठ फिरवली तर बँकेला बाजारातून महाग पैसा उचलावा लागेल.

चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवी, ज्यांना सगळे कासा म्हणतात, त्या स्वस्त आणि टिकाऊ. 3 कोटी आणि त्यावरच्या मुदत ठेवी म्हणजे बल्क, आणि त्या ज्याचा दर जास्त त्याच्याकडे जातात. कासा घसरतोय आणि कर्जं धावताहेत, असं दिसलं की कर्ज-ठेव प्रमाण बघा. मग पुढच्या दोन तिमाह्यांत मिळणाऱ्या आणि द्याव्या लागणाऱ्या व्याजातलं अंतर, म्हणजे निम, कमी होणार हे जवळपास ठरलेलं.

मालक कोण, हा प्रश्नही इथलाच. खासगी बँकेत 5 टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा घ्यायचा तर रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी लागते, आणि कितीही शेअर असले तरी मतदान 26 टक्क्यांपुरतंच. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची नेमणूकही रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीशिवाय होत नाही. त्याची मुदत वाढवताना रिझर्व्ह बँकेने मागितल्यापेक्षा कमी काळ दिला, किंवा अर्ज नाकारला, तर ती तिमाही निकालापेक्षा मोठी बातमी आहे.

'निम्म्या भावात मिळतोय'

औषधांच्या दुकानदार भाऊजींचं हे आवडतं वाक्य. "वहिनी, पुस्तकी किंमत 60, बाजारभाव 36. यापेक्षा स्वस्त काय असतं?"

आपल्या काल्पनिक बँकेची निव्वळ संपत्ती 1,200 कोटी, शेअर 20 कोटी. म्हणून पुस्तकी किंमत 60. पण 500 कोटींच्या थकबाकीसमोर तरतूद केलीय 280 कोटींची. उरलेले 220 कोटी म्हणजे नेट एनपीए. ते पैसे आलेच नाहीत असं धरून वजा करा: 980 कोटी भागिले 20, म्हणजे 49. भाव तोच 36, पण स्वस्ताई बरीच आटली.

आता पुढचं. बँकेचं भांडवल कमी पडतंय. नियमाप्रमाणे सरकारी आणि जुन्या खासगी बँकांची भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या मालमत्तेच्या तुलनेत बँकेचं भांडवल, किमान 11.5 टक्के हवी, त्यात राखीव अडीच टक्के धरून. म्हणून बँक 300 कोटी उभारते, पण बाजारात भाव पडलेला आहे, घेणारे 30 रुपयांनीच घेतात. 10 कोटी नवे शेअर निघाले. संपत्ती 1,500 कोटी, शेअर 30 कोटी, पुस्तकी किंमत 50. एका सहीत आपले 60 चे 50 झाले, आणि बँकेने काही चूक केली असंही नाही. पुस्तकी किमतीच्या खाली भाव असलेल्या बँकेला भांडवल लागणं, हा छोट्या भागधारकाला बसणारा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी चर्चिलेला फटका आहे. म्हणून भाऊजींना मी दर वेळी विचारते, "या बँकेला पुढच्या दीड-दोन वर्षांत पैसे लागतील का?" पर्याप्तता 16-17 टक्के असेल आणि नफा एकूण मालमत्तेच्या 1 टक्क्याच्या आसपास असेल, तर बँक स्वतःच्या कमाईवर वाढू शकते. 12 टक्क्यांवर पर्याप्तता आणि अर्ध्या टक्क्यावर नफा असेल तर पैसे लागणारच.

सुधारलेली बँक कशी दिसते

बँक ऑफ महाराष्ट्रचे जुने निकाल ओळीने वाचणं हा उत्तम अभ्यास आहे. इंदुरातही तिची शाखा आहे आणि आमच्यातल्या दोघांची तिथे पेन्शन येते, म्हणून सुरुवात तिथूनच केली. जून 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला तातडीच्या सुधारणेच्या चौकटीत, म्हणजे पीसीएमध्ये टाकलं. मार्च 2018 ला ग्रॉस एनपीए 19.48 टक्के होता. मार्च 2021 ला 7.23, मार्च 2022 ला 3.94, मार्च 2024 ला 1.88.

पण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते 2018-19 हे वर्ष. त्या वर्षी बँकेला 4,700 कोटींच्या वर तोटा झाला. वर्तमानपत्रात तोच आकडा ठळक. प्रत्यक्षात तो तोटा तरतुदींचा होता: जुनी घाण एकदाच साफ केली. त्याच वर्षी, जानेवारी 2019 अखेर, ती पीसीएमधून बाहेर आली. पुढच्या वर्षी नफा दिसू लागला. नुसता नफा-तोटा बघणाऱ्याने ती चुकीच्या वर्षी विकली असती. उलट बाजूही सांगते: त्या काळात सरकारने भांडवल घातलं आणि शेअरची संख्या कैक पटींनी वाढली. ज्याने आधीपासून धरून ठेवला होता, त्याच्या वाट्याला सुधारणेचं फळ त्या प्रमाणात कमीच आलं.

पीसीएचे आजचे नियम 1 जानेवारी 2022 पासूनचे. नेट एनपीए 6, 9 आणि 12 टक्के हे तीन उंबरठे, त्याशिवाय भांडवलाचे वेगळे. आपली बँक पहिल्या उंबरठ्यापासून किती दूर आहे, ते वहीत लिहून ठेवा.

विलीनीकरणाची अफवा

'कुणीतरी मोठा येऊन घेणार' या आशेवर छोट्या बँकांचे शेअर सगळ्यात जास्त धरून ठेवले जातात. घेणारा येतोही. प्रश्न असतो, काय भावाने आणि कुठल्या अवस्थेत.

साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक, स्थापना 1936. 2 सप्टेंबर 2006 ला तिच्यावर निर्बंध आले, महिन्याभरात आयडीबीआयमध्ये विलीनीकरण झालं. भागधारकांना शेअरमागे 28 रुपये रोख मिळाले. सांगली बँक, 1916 ची, 2007 मध्ये आयसीआयसीआयने घेतली. सांगली बँकेच्या 925 शेअरना आयसीआयसीआयचे 100. देना बँकेच्या भागधारकांना 2019 मध्ये 1,000 शेअरमागे बँक ऑफ बडोदाचे 110 मिळाले, विजया बँकेवाल्यांना 402. एकाच दिवशी, एकाच बँकेत विलीन झालेल्या या दोन्ही बँका. विजया नफ्यात होती, देना पीसीएमध्ये होती.

आणि करूरची लक्ष्मी विलास बँक. 1926 ची संस्था. सप्टेंबर 2019 पासून पीसीएमध्ये. मार्च 2020 ला ग्रॉस एनपीए 25 टक्क्यांच्या वर, भांडवल पर्याप्तता 1 टक्क्याच्या आसपास. हे सगळे आकडे जाहीर होते, कुणीही वाचू शकत होतं. 17 नोव्हेंबर 2020 ला पैसे काढण्यावर 25,000 ची मर्यादा आली, 27 नोव्हेंबरला ती डीबीएस बँकेत विलीन झाली. ठेवीदारांचा पैसा सुखरूप राहिला. भागधारकांना शून्य. विलीनीकरणाच्या मसुद्यातच लिहिलं होतं की भागभांडवल पूर्ण रद्द होणार, आणि तरी मधल्या दहा दिवसांत लोअर सर्किट (एका दिवसात भाव पडण्याची मर्यादा) उघडलं की लोक 'आता याहून खाली काय जाणार' म्हणत घेत होते. एका ओळखीच्या कुटुंबात मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून असा ॲव्हरेज केलेला, म्हणजे पडत्या भावात आणखी घेऊन खरेदीची सरासरी खाली आणलेली, मी पाहिलाय. म्हणून आमच्याकडे एक नियम अगदी कडक आहे: पर्याप्तता किमान मर्यादेच्या खाली गेली की त्या बँकेवर फक्त वाचन, खरेदी नाही, भाव कितीही खाली असो.

एकत्र बसायचं असेल तर

जो बोलणार त्याने आधी सांगायचं, हा शेअर माझ्याकडे आहे की नाही. अडकलेला माणूस नकळत दुसऱ्यांना पटवत असतो. प्रत्येकाने एकच बँक घ्यायची आणि तिचा तिमाही रकाना स्वतःच्या हाताने भरायचा: नवी थकबाकी, नेट एनपीए, कासा, पर्याप्तता, मालमत्तेवरचा नफा. मागच्या तिमाहीत व्यवस्थापनाने कॉन्फरन्स कॉलवर काय सांगितलं होतं ते शेजारी लिहायचं आणि या वेळी जुळलं का बघायचं. मुदत ठेव मोडून शेअर घ्यायचा नाही. एका छोट्या बँकेत आपल्या एकूण शेअर गुंतवणुकीच्या वीसाव्या हिश्शाहून जास्त नको, असं माझं मत आहे. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर 20 टक्के कर, नंतर विकलं तर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के.

बाहेरून येणाऱ्या फोनबद्दल इंदूरकरांना तरी वेगळं सांगायला नको. टिपा विकणाऱ्या सल्लागार कंपन्यांचं आपल्या शहरात एके काळी पीकच आलं होतं आणि सेबीला त्यांच्यावर एकामागून एक आदेश काढावे लागले. कुणी बँकेच्या शेअरचं नाव घेऊन फोन केला तर आधी नोंदणी क्रमांक विचारा. संशोधन विश्लेषकाचा आयएनएचने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएने. तो सेबीच्या संकेतस्थळावर ताडून बघता येतो. खात्रीच्या परताव्याची भाषा केली की फोन ठेवून द्या, नोंदणी असली तरी.

शेवटी, घरातली जुनी ट्रंक किंवा बँकेचा लॉकर एकदा उपसून बघा. इथल्या कित्येक घरांत जुन्या बँकांची कागदी प्रमाणपत्रं पडून आहेत. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर हस्तांतरित होत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक रूपात, करावे लागतात. वारसाच्या नावावर करायचे असतील तर रजिस्ट्रारकडे, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं घेऊन जावं लागतं. ज्या खासगी बँकेचा लाभांश सात वर्षं घेतलेला नाही, ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे गेलेले असू शकतात. ते आयईपीएफ-5 हा अर्ज भरून परत मागता येतात. स्टेट बँक ऑफ इंदूरचं प्रमाणपत्र निघालं तर हिशेब असा: तिच्या 100 शेअरना स्टेट बँकेचे 34 मिळाले, आणि 2014 मध्ये स्टेट बँकेने 10 रुपयांचा शेअर 1 रुपयाचा केल्यामुळे त्या 34 चे आज 340 होतात. स्टेट बँकेच्या रजिस्ट्रारचा पत्ता तिच्या वार्षिक अहवालात छापलेला असतो. फोलिओ नंबर, आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक जोडून पत्र टाका, आणि पोहोच मिळेपर्यंत मूळ प्रमाणपत्र हातचं सोडू नका, आधी झेरॉक्स पाठवा.